मिटलेलं पुस्तक

कोऱ्या शालीचा वास आला की मला माझा एक गाढवपणा आठवतो. नव्वदीच्या दशकात कॉलेज रोडवरच्या एका पुस्तकांच्या दुकानात एका वयस्क लेखकांचं वाचन होतं. मी तिथला रोज उभ्याउभ्या फुकट वाचणारा, तरी मालक म्हणाले, "साहेब, सत्कार तुमच्याच हस्ते." झालं! ठेवणीतला सफारी चढवून, मांडीवर शाल-नारळ घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो, शेजारी बायको. मागे कॉफी उकळत होती, वर पंखा कुरकुरत होता. लेखक म्हणाले, "पत्नीच्या आजारपणावर लिहिलंय. ती गेल्यापासून मोठ्यानं वाचायला धजलो नाही. आज शेवटपर्यंत वाचणार." त्यासाठीच ते इगतपुरीहून आले होते. दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळपाशी ते थांबले. सगळं चिडीचूप. मला वाटलं, संपलं. तडक उठून मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि नारळ पुढे केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळ घ्यायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. मालक माझ्या कानाशी म्हणाले, "अहो, अजून एक पान होतं!" पुस्तक पुन्हा उघडा म्हणायचा धीर कुणालाच झाला नाही. पुढे ते पान त्यांनी कुठे वाचलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. परतताना स्कूटरवर मी पुटपुटलो, "ते थांबले, म्हणून मी उठलो." मागून बायको म्हणाली, "आवंढा गिळायला थांबले होते हो. तेवढा तरी वेळ द्यायचा माणसाला."