एका वेळी एकच पार्ट

हे सांगताना माझेच कान लाल होतात, पण तुम्ही घरचीच माणसं, तेव्हा ऐका. मी एका ठणठणीत कॉम्प्युटरचे जवळजवळ सगळे पार्ट बदलले. एकेक करून. विचार करून. रात्रंदिवस व्हिडिओ बघून! आणि दोष ज्या वस्तूत होता, ती वस्तू जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरच्या दुकानात मिळत नाही.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट. मी दचकते. कुकरच्या शिट्टीला दचकते, मोबाईल थरथरला तरी दचकते. झाशीत, खंडेराव गेटच्या आमच्या गल्लीत मागून कुणी हॉर्न दिला, तर हातातली भाजीची पिशवी सोडून भिंतीला चिकटते. आणि अशी मी, खेळते कुठला गेम? दाराआडून माणसं बंदूक घेऊन अंगावर उडी मारतात, तो! का? ते मला विचारू नका. एम.कॉम. होऊनही माणसाला शूर व्हावंसं वाटतंच की.

आमची पाच जणींची टीम होती. कॅप्टन शिवानी, सीपरी बाजारात राहणारी, माझी कॉलेजातली मैत्रीण. ग्वाल्हेरला मुलींची स्पर्धा होती आणि आम्ही नाव दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी टीममध्ये माझं नाव होतं, नाहीतर शाळेत मी कायम पाण्याच्या बाटल्या सांभाळायला.

कॉम्प्युटर मी शिकवण्यांच्या कमाईतून घेतला होता. बजेटमधला, साधा, पण माझा. आता झाशीचा उन्हाळा तुम्हाला काय सांगू? सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहून घ्या. आणि मी पाहिलेल्या पहिल्याच व्हिडिओत एक मुलगा म्हणाला, "धूल कंप्यूटर की सबसे बड़ी दुश्मन है." झालं! मी दचकले.

लगेच आईच्या शिलाई मशीनवर बसले आणि कॉम्प्युटरला गवसणी शिवली. गवसणी म्हणजे पेटी-तंबोऱ्याला घालतात ना, ती खोळ. आमच्या घरी हा शब्द अजून रोजच्या वापरात आहे, कारण आमच्या घरी सगळ्यालाच गवसणी असते. मिक्सरला आहे. इस्त्रीला आहे. टीव्हीच्या रिमोटला आहे. मग कॉम्प्युटरच्या डब्यानंच काय पाप केलं होतं? पडद्याचं उरलेलं जाड कापड घेतलं, दुपदरी केलं, मागे वायरींपुरती चीर ठेवली आणि पुढे बटणासाठी सुरेख काज केलं. काजातून बोट घालायचं, बटण दाबायचं. गवसणी काढायला नको नि घालायला नको!

आईनं उलटसुलट करून बघितली. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट शिवलंस," म्हणाली.

कॉम्प्युटरलाही आवडली असावी. आधी त्याच्या पंख्याची घरघर ऐकू यायची, ती थांबली. किती शांत चालतो बाई, मी म्हटलं.

आणि मग सुरू झाला तो प्रकार. गेम रंगात यायचा, समोरून दुश्मन यायचे, आणि फट्! स्क्रीन काळी. कॉम्प्युटर बंद. तिकडे माझ्या टीमच्या चौघी पाच जणींशी लढून हरायच्या. पहिल्यांदा सगळ्या हळहळल्या. तिसऱ्यांदा शिवानीनं हेडफोनमधून विचारलं,

"मुग्धा, सच बता. तू डर के प्लग तो नहीं खींच देती?"

"पागल है क्या? अपने आप बंद होता है!"

"अपने आप? और ठीक उसी टाइम, जब सामने दुश्मन आता है?"

बाकीच्या तिघी हसल्या. कानाला हेडफोन असताना कुणी आपल्याला हसलं ना, की ते हसू कवटीच्या आतून ऐकू येतं.

"देख," शिवानी म्हणाली, "मशीन ठीक करा ले. नहीं तो ग्वालियर में तेरी जगह मेरी कज़िन खेलेगी."

मी डरपोक असेन. पण मी खोटारडी नाही! त्या क्षणी मी ठरवलं, दोष मशीनमध्ये आहे हे मी सिद्ध करणार म्हणजे करणार.

माझे बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत. दोष शोधणं हा त्यांचा धर्म. म्हणाले, "मुग्धा, एका वेळी एकच पार्ट बदलायचा. दोन बदललेस, तर कशानं बरं वाटलं ते कळणार नाही."

पटलं. मी बिघडलेला सिग्नल शोधावा तशी कामाला लागले.

पहिली रॅम. व्हिडिओवाला म्हणाला होता, कमी पैशांत जास्त फरक हवा तर आधी रॅम वाढवा. कॉम्प्युटर जुन्या चादरीत गुंडाळला आणि ऑटोनं सीपरी बाजारात साहू भैयांच्या दुकानात नेला. गवसणी अर्थातच घरी काढून ठेवली. बाजाराच्या धुळीत मळली असती ना!

साहू भैयांनी रॅम घातली, माझाच गेम लावून दिला. मी दुकानातल्या स्टुलावर बसून मनसोक्त खेळले. बंद होईना!

"दीदी, मक्खन चल रहा है," साहू भैया म्हणाले.

मी आनंदानं घरी आले. गवसणी घातली, काजातून बटण दाबलं, गेम लावला. फट्!

दुसरा पॉवर सप्लाय. ऐन लढाईत बंद पडतो म्हणजे ताकद कमी पडत असणार, हे तर उघड होतं. जास्त ताकदीचा बसवला. दुकानात मक्खन. घरी फट्!

तिसरं ग्राफिक्स कार्ड. इथे मात्र मी फार डोकं चालवलं. नवा प्रोसेसर घ्यावा की जुन्या बाजारातलं बरं कार्ड? बाबा म्हणाले, "प्रोसेसर म्हणजे इंजिन." मी म्हटलं, "बाबा, गेममध्ये डबे कार्डच ओढतं." आईनं विचारलं, "मग गार्ड कोण?" शेवटी कार्ड घेतलं. दुकानात नुसतं पाण्यासारखं चाललं! घरी? आधीपेक्षा लवकर फट्!

आता साहू भैयाही हात जोडायला लागले. "दीदी, इसको हमारी दुकान पसंद आ गई है. यहीं छोड़ जाओ."

"गरम तो नहीं हो रहा भैया?" मी विचारलं. बघा हं, विचारलं मी! डोकं नव्हतं असं म्हणू नका.

"आप ही हाथ रख के देख लो. कुल्फी है कुल्फी."

हात ठेवला. खरंच कुल्फी होती. तरीही पक्कं काम असावं म्हणून मी एक जादा पंखा बसवून घेतला. घरी आणून त्या पंख्यालाही गवसणीच्या आत झाकलं.

दुकानात चालतो आणि घरी बंद पडतो, म्हणजे दोष घराचा! बाबांनी मीटर घेऊन सगळी वायरिंग तपासली. व्होल्टेज ठीक निघालं, तरी एक नवा एक्स्टेंशन बोर्ड आणून टेबलाखाली ठेवला, लाल दिव्याच्या मोठ्या बटणाचा. आईनं मीठ-मोहऱ्या घेऊन कॉम्प्युटरची दृष्ट काढली. गवसणीवरूनच.

तरीही फट्!

स्पर्धा दोन-चार दिवसांवर आली आणि शिवानी स्वतःच घरी येऊन धडकली. "मेरे सामने खेल. मैं तेरे हाथ देखूँगी, स्क्रीन नहीं."

मी ताठ मानेनं गेम लावला. दोन्ही हात टेबलावर, साक्षीदार शेजारी, दारात आई-बाबा. लढाई रंगली. आणि फट्!

"देखा?" मी ओरडले. "देखा? मेरे हाथ यहीं थे! बोल अब!"

आयुष्यात मी इतकी कधी जिंकले नव्हते. शिवानीचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. इकडेतिकडे बघत तिनं विचारलं,

"पर तेरा कंप्यूटर है कहाँ?"

"ये क्या, सामने!"

"ये? मैं समझी सिलाई मशीन रखी है." तिनं वाकून बघितलं. "इसको ठंड लग रही है क्या? मई में रजाई ओढ़ा रखी है!"

भिंतीवरची पालसुद्धा माझ्याकडे बघते आहे असं वाटलं. बाबा पुढे आले, गवसणीच्या आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"अगं, यावर पोळी फुगेल!"

व्हिडिओत सगळं सांगतात हो. रॅम कुठली, कार्ड कुठलं, पंखा कुठे. पण "आधी गवसणी काढा" असं कुणी सांगत नाही, कारण जगात कुणी घालतच नाही!

"एका वेळी एकच बदल म्हणालो होतो," बाबा पुटपुटले, "पण ही गवसणीसुद्धा एक बदलच होती की."

"शिवलीय मात्र छान हो," आई म्हणाली.

शिवानी पलंगावर आडवी पडून हसत होती. "मतलब बंद तो तू ही करती थी! डर के मारे! दुश्मन से नहीं, धूल से!"

गवसणी उतरवली, मशीन निवू दिलं आणि आम्ही पुन्हा खेळायला बसलो. काय सांगू! आता नवी रॅम, नवा पॉवर सप्लाय, कार्ड, जादा पंखा, सगळ्यांना पहिल्यांदाच मोकळा श्वास मिळाला होता. कॉम्प्युटर मेल गाडीसारखा असा सुटला की स्टेशनची एकही पाटी वाचता येऊ नये. मी एक दुश्मन टिपला, दुसरा टिपला. शिवानी खुर्चीच्या टोकावर. "शाबाश! अंदर जा, अंदर जा!" मी आत घुसले. चित्र इतकं स्वच्छ, इतकं वेगवान, की दाराआडच्या माणसाच्या मिशासुद्धा दिसल्या, आणि त्यानं उडी मारली.

मी "आई गं!" करून पाय झाडले.

फट्.

लाल दिवा विझला होता. माझी टाच एक्स्टेंशन बोर्डाच्या बटणावर होती.

शिवानीनं खाली वाकून टाच बघितली, मग माझं तोंड बघितलं. "चलो," ती म्हणाली, "आज तो सबूत भी मिल गया."

तिनं मला टीममधून काढलं नाही. अट एकच, मी खुर्चीवर मांडी घालून खेळायचं. ग्वाल्हेरला मी मांडी घालूनच खेळले आणि आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. पण माझी स्क्रीन शेवटपर्यंत चालू होती, हे शिवानीसुद्धा सगळ्यांना सांगते.

परत आल्यावर मी ती गवसणी कापली आणि त्याच कापडाची एक छोटी, जाड, चौपदरी शिवली. एक्स्टेंशन बोर्डाच्या बटणाला. तिला काज मात्र ठेवलेलं नाही.