अंदमानच्या चालीसाठी ताणलेली तार

सगळ्यात आधी शपथ घेतो: यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे मी स्वतः पाहिलं तेवढं. उरलेलं पम्यानं सांगितलंय, आणि पम्या डोंबिवलीतला एक नंबर फेकू. घरबसल्या वायरलेसवर जगाशी गप्पा मारणाऱ्या आमच्या हॅम रेडिओवाल्यांत किस्से असेच साचतात. एकानं ऐकलं, दुसऱ्यानं वाढवलं, तिसरा म्हणतो, "मी होतो ना तिथे!"

तर आमचे साठेकाका. अंदमानातले त्यांचे मित्र नाडकर्णी दर रविवारी दुपारी रेडिओवर यायचे आणि दोघं बुद्धिबळ खेळायचे. एक रविवार, एक चाल! मग काकांच्या घरासमोर उंच रहिवासी टॉवर उभा राहिला. त्यातल्या लिफ्ट, चार्जर, एलईडी... त्या सगळ्यांमुळे काकांच्या रेडिओत नुसती खरखर. नाडकर्णींना काका स्वच्छ ऐकू जायचे, काकांना मात्र नाडकर्णींची चाल काही कळेना. डाव ऐन रंगात अडकला.

पम्या म्हणाला, "काका, सरळ फोन करून विचारा ना."

"हवेवर मांडलेला डाव हवेवरच संपतो! फोनवर काय, कोणीही बोलतं."

*

म्हटलं, अँटेना म्हणून गच्चीवर लांब तार बांधू. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "तारेवर वीज पडली तर?"

काका म्हणाले, "पडणार नाही. तुमची पाण्याची टाकी जास्त उंच आहे. आधी तिच्यावर पडेल."

परवानगीचा विषय तिथेच संपला!

*

मग शहराच्या खरखरीपासून लांब, पम्यानं टिटवाळ्याच्या पुढे एक टेकडी शोधली. "एकदम सपाट आहे रे, मोबाईलच्या नकाशावर बघितली."

वरून बघितला तर सह्याद्रीपण सपाटच दिसतो! करवंदीच्या जाळ्या, घसरडी खडी, मध्येच घळ. काका रेडिओ छातीशी धरून चढत होते, मी बॅटरी घेऊन, आणि पम्याकडे तारेचं रीळ. अशी तार ज्या दिशेला ताणावी, तिकडचं चांगलं ऐकू येतं. आम्हाला ती अंदमानकडे ताणायची होती. पम्याचा पाय सटकला, रीळ हातातून सुटलं आणि उलगडत उलगडत पार भलत्याच उताराला खाली गेलं.

काकांनी शांतपणे दिशा बघितली. "छान. आता नाशिकवाले ऐकू येतील."

*

तार परत गुंडाळली. आता ती झाडांवरून न्यायची, तर आधी फांदीवरून दोरी फेकायला हवी. दोरीला वजन काय? पम्यानं सरबताला आणलेलं लिंबू काढलं आणि काळ्या दोरीला बांधून भिरकावलं. लिंबू फांदीवरून येऊन लोंबायला लागलं. मागे बघतो तर खालच्या वाडीतले बाळारामदादा उभे. टेकडीवर त्यांची म्हैस चरत होती.

"कुणावर करताय?"

काका घाईत होते. म्हणाले, "अंदमानवर!"

दादांनी लिंबू नीट न्याहाळलं. "मग एकानं नाय भागायचं. लई लांब हाय."

*

तार कशीबशी झाडांवर चढली तोवर दुपार झाली. नाडकर्णींची वेळ झाली आणि रेडिओत पुन्हा खरखरच! काकांचा चेहरा एवढासा झाला. "चला रे, आवरा," म्हणाले. आणि तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, "...साठे..."

तिकडे बघतो तर काय! दादांच्या म्हशीनं तारेच्या खाली लोंबणाऱ्या टोकाला शिंग अडकवून तार चांगली बाजूला ओढली होती. म्हैस दोन पावलं पुढे झाली, आवाज गेला. मागे आली, आवाज परत!

"तिला हलू देऊ नका!" काका ओरडले. दादा तिची मान खाजवायला धावले. पम्यानं आपला डबा पुढे केला. तोंडल्याची भाजी म्हशीनंही नाकारली, पोळ्या मात्र खाल्ल्या.

नाडकर्णी आता शेजारी बसल्यासारखे बोलत होते. "साठे, माझा वजीर तुझ्या राजासमोर आलाय. सुटायला जागा नाही. आणि हे बघ, ऐकू येत नाही म्हणतोस ते ठीक आहे. पण हरायला आलास की तुला कधीच ऐकू येत नाही!"

काकांचा हात बटणावर गेला. खर्रर्र...

"गेला," काका म्हणाले. "सिग्नल गेला. चाल काही कळली नाही बुवा."

म्हैस जागची हललीही नव्हती. आम्ही तिघंही अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "हो काका, गेला."

यातलं 'गंभीर चेहऱ्यानं' तेवढं मी रचलंय.