चिखलात हाक एकाची

दासगावच्या खाली सावित्रीची खाडी ओहटीला उघडी पडली की नजर जाईल तिथवर नुसता चिखल. थंडीत त्यावर दूरदेशची बदकं उतरायची. गावाची रीत अशी, की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्या पाखरांवर कुणी दगड उचलायचा नाही, ती देवीची. बघायला खुशाल या, पण चिखलात शिरायचं ते एका वाटाड्यामागं, त्याच्याच पावलात पाऊल टाकून. आणि हाकही त्या एकाचीच. काठावरून दुसरा ओरडला की माणूस गोंधळतो, वाकडं पाऊल टाकतो आणि रुतून बसतो.

हा वाटाड्या म्हणजे रावजी. खाऊनपिऊन सुखी शेतकरी, आवाज खणखणीत, राग नाकावर. महाडचे दत्तोपंत मास्तर आणि त्यांच्या पत्नी सुनीतीबाई दर हिवाळ्यात यायचे ते त्याच्याच भरवशावर. "रावजी आहेत म्हणून मी या चिखलात पाय घालते हो," असं बाई चारचौघांत म्हणायच्या. तेवढं एक वाक्य रावजीला वर्षभर पुरायचं.

त्या साली त्याचा धाकटा भाऊ कुशाबा मुंबईची गिरणी सोडून घरी आला. हसरा, गोडबोल्या, खाडीची वाट लहानपणापासून पायाखालची. मास्तर आले आणि म्हणाले, "रावजी, आज कुशाबांना नेऊ द्या. तुम्ही जरा आराम करा."

झालं! रावजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"भावजी नेतील की. तुमी चा घ्या," बायको चंद्रभागा म्हणाली.

"चा गेला खड्ड्यात!" म्हणत तो खाडीच्या बांधावर जाऊन बसला.

बसला तो कुशाबाची चूक हुडकायलाच. पण कुशाबा चुकेल तर शपथ! सुसरी उन्हाला पडतात ती कड त्यानं लांब ठेवली, थव्यापासून बरंच अलीकडे दोघांना थांबवलं. वर मुंबईचं काहीतरी सांगितलं आणि बाई खळखळून हसल्या. इतक्या वर्षांत रावजीसोबत त्या अशा कधी हसल्या नव्हत्या. 'एकदा तरी फजिती होऊ दे मेल्याची,' तो पुटपुटला.

पुनवेचं उधाण होतं. अशा दिवशी भरती समोरून दिसत नाही. पाठीमागच्या पऱ्यातून, म्हणजे ओहोळातून, गुपचूप शिरते आणि परतीची वाट आधी भिजवते. कुशाबा गप्पांत रंगलेला, पाठ पऱ्याकडे. रावजीला पाणी दिसलं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. हाक एकाची, रीत ती रीत! भिजू दे बाईंचं लुगडं, मग कळेल कुणाची हुशारी केवढी.

कुशाबानं वळून पाहिलं तेव्हा पऱ्या भरत आला होता. तो गांगरला, जवळ पडेल म्हणून नेहमीची वाट सोडून वळला, आणि बाई कंबरेपर्यंत रुतल्या. त्यांची किंकाळी ऐकली तेव्हा कुठं रावजी भानावर आला. बांधावरची फळी उचलून तो धावत सुटला.

"बाई, पाय मारू नका! आडव्या व्हा, फळीवर छाती टाका!"

दोघा भावांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. सगळे बांधावर चढले तोवर मघाची जागा पाण्याखाली गेली होती.

बाईंचे दात कडकडा वाजत होते. तरी त्यांनी विचारलंच, "रावजी, तुम्ही इथंच बसला होतात. पाणी दिसलं नाही तुम्हाला?"

रावजी खाली बघून फळीवरचा चिखल निपटू लागला.

"दिसलं असंल, बाई," कुशाबाच बोलला, रडवेला होऊन. "पन हाक एकाचीच असते. चूक माजी हाय. दादानी रीत पाळली, आनि वर जीव धोक्यात घालून धावला." आणि तो भावाच्या पाया पडायला वाकला.

"नको! हात नको लावू!" रावजी असा खेकसला की कुशाबा दचकून मागं सरला.

"माणूस बघा किती साधा," मास्तर गहिवरून बायकोला म्हणाले. "पुढच्या वर्षी आपण यांच्याचमागून जाऊ."

बाई मात्र रावजीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.