हसण्याचा शॉट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. कल्याणच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते. दारावर लिंबू-मिरची दिसली तर ते लिंबू सरबताला चालेल का, एवढंच माझ्या डोक्यात येतं. त्यामुळे इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

मयूरी माझी धाकटी बहीण. आम्ही दिव्याला राहतो. ती डोंबिवलीच्या एका कॉलेजात मास मीडिया शिकत होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येक ग्रुपने थ्रिलर पिक्चरची फक्त सुरुवात बनवायची, दोन-तीन मिनिटांची, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवायची. डिरेक्टर होता तिच्याच वर्गातला निनाद. मुलगा हुशार, पण जीभ अशी की समोरच्याने परत तोंड उघडू नये. त्याने मयूला प्रेताचं काम दिलं. "तुझ्या चेहऱ्याला तेच सूट होतं," म्हणाला. आणि ही बया त्यावरही हसली! मयू कशावरही हसायची. आधी नुसते खांदे हलायचे, मग एकदम फुटायची आणि शेवटी हमखास उचकी लागायची. त्या उचकीसाठी बाबा तिला मुद्दाम हसवायचे.

शूटिंग वर्तकनगरच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये झालं, भर दुपारी. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली. मी खोटं रक्त लावायला गेलेले — लॅबवाली ताई म्हणून ते काम माझ्याकडे. निनादने मयूला फरशीवर उताणं झोपवून टेकवर टेक घेतले. श्वास दिसतोय म्हणून ओरडला, पापणी हलली म्हणून ओरडला. शेवटी एकदाचा ओके म्हणाला.

मयू पडल्या पडल्याच म्हणाली, "आता माझा हसण्याचा घे ना."

तिने घोडबंदरच्या सेटवर सिरियलींमध्ये गर्दीतली कामं केलेली. तिथे रीतच आहे म्हणे. कोणी मेल्याचा सीन दिला की त्याने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, ते शूट करायचं आणि मगच उठायचं. तो शॉट कुठे वापरत नाहीत, अपशकुन टळावा म्हणून नुसता घेऊन ठेवतात.

"बॅटरी संपत आलीये," निनाद म्हणाला.

"अरे, एक शॉट रे! काय जातंय तुझं?" मी म्हटलं.

"ताई, मेलेली माणसं हसत नाहीत." त्याने कॅमेरा बंद केला आणि मयूवर वाकला. "मेलीस ना तू? मग मेलेलीच राहा."

बाकीची पोरं खिदळली. मयू नाही हसली. उठली आणि तोंड धुवायला गेली.

संध्याकाळी बाबांनी पाण्याच्या टँकरवाल्याची नक्कल करून दाखवली. हा त्यांचा हुकमी एक्का. मयू नुसती बघत राहिली. मला म्हणाली, "तायडे, हसू येत नाहीये गं. हे हसण्यासारखं आहे ते कळतंय, पण आतून येतच नाही." दमली असशील, झोप, म्हटलं मी.

तिचं ते 'हसू येत नाहीये' तसंच राहिलं, आणि स्क्रीनिंगचा दिवस आला. घरच्यांनाही बोलावलेलं. ग्रुपने पिक्चर चालू केला. शेवटी फरशीवर मयू पडलेली... इथे पडदा काळा व्हायला हवा होता. झाला नाही. प्रेताने डोळे उघडले. खांदे हलायला लागले. आणि ती हसली — मोठ्याने, पोटभर, शेवटच्या उचकीसकट.

परीक्षक मॅडम म्हणाल्या, "बाकी सगळं बघितलेलंच आहे. पण हा शेवटचा शॉट! कोणाला सुचला?"

निनादचा चेहरा पांढराफटक पडलेला. त्याने एडिटिंगवाल्या मुलीकडे बघितलं, तिने घाबरून मान हलवली. मग तो उठला आणि शर्ट नीट करत म्हणाला, "माझीच आयडिया, मॅडम." टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त मार्क त्यालाच. मयू माझ्या शेजारी दगडासारखी बसून होती. उठून त्याच्या एक कानाखाली द्यावी असं मला वाटत होतं.

एडिटिंगवाल्या मुलीने नंतर सगळं तपासलं. कॅमेऱ्याच्या कार्डवर तो शॉट नाही, प्रोजेक्टमध्ये नाही. फक्त तयार झालेल्या फाइलमध्ये आहे. लोक म्हणतात, एआयने केलं असेल. असेल बाबा. पण एआयला तिची उचकी कुठून माहीत?

मी निनादला फोन केला. हात जोडते, पण तिचा तो शॉट आता तरी घे, म्हटलं. "आता कशाला, ताई? पिक्चर लागला, मार्क मिळाले," म्हणाला आणि फोन ठेवला. मग मी घरीच शूट करायला मोबाईल लावला. मयू फरशीवर झोपली. बाबा समोर उभे राहून टँकरवाल्याची नक्कल करत होते, आणि करता करता रडत होते. मयूने ओठ ताणले, दात दाखवले. खूप प्रयत्न केला पोरीने. आईने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला.

डॉक्टर झाले, रिपोर्ट झाले. सगळे नॉर्मल. रक्त मीच तपासलं. मयू जेवते, कामाला जाते, विचारलं तर बोलते. हे काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, आणि कोणी कळल्यासारखं बोललं की माझं डोकं फिरतं.

आईने ती फाइल माझ्याकडून मोबाईलवर मागून घेतली. मी नको नको म्हणत होते. मयूचं हसणं आता तेवढंच उरलंय, तेही रक्ताने माखलेल्या तोंडाचं. आई रोज दुपारी खाटेवर बसून ते लावते. उचकी आली की पदराने डोळे पुसते.

कधी कधी मयू घरात असते. आतून विचारते, "आई, कोण हसतंय गं?"

आई म्हणते, "टीव्ही आहे, बाळा."