दोनच लागलं

आमच्या टँकरवाल्या साहेबांइतका मऊ काळजाचा राक्षस उभ्या मराठवाड्यात झाला नसेल. राक्षस ते फक्त रविवारी दुपारी असत. एरवी उदगीरला कचेरीत बसून टँकरच्या पाळ्या लावत. हैदराबादचा भाचा त्यांच्याकडे एक खेळ टाकून गेला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, लढाई आली की फासा टाकायचा. राक्षसाचा घाव किती बसला ते गोष्ट सांगणाऱ्यानं बोलायचं आणि तेवढं आपल्या कागदावरच्या ‘जीवा’तून वजा करायचं. जीव संपला की माणूस मेला, त्यानं उठून घरी जायचं. साहेबांच्या घरी खेळायला आम्ही दोघंच. मेडिकलवाले अप्पा सरदार झाले होते आणि मी, शाळामास्तर, धनगर.

साहेब समोर गुलाबी फाइल उभी करत आणि तिच्याआड वीस बाजूंचा फासा टाकत. खडखड व्हायची, साहेबांचा चेहरा पडायचा, मग चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणायचे, “दोनच लागलं.” राक्षसानं चिंचेचं झाड उपटून अप्पांच्या टाळक्यात घातलं तरी दोनच. एकदा अजगरानं मला अख्खं गिळलं. “आतून जरा खरचटलं,” साहेब म्हणाले, “दोन लिहा.” अप्पा विचारायचे, “साहेब, तुमचा राक्षस उपाशी हाय का? आधी त्याला भाकर घाला.” साहेब हसत नसत, हातानं काढलेला नकाशा पुढं सरकवत. नवा जिल्हा होणार, होणार म्हणून गावात रोज बोलणं चाले. साहेबांच्या नकाशात तो केव्हाच झाला होता, आणि त्याच्या नदीला पाणीही होतं.

ही लबाडी मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होती. त्यांच्या पाठीमागच्या कपाटाच्या काचेत फासा दिसायचा. सोळा पडले तरी दोन, वीस पडले तरी दोन. मी बोललो नाही. मरायचं मलाही नव्हतं. साहेब एकटे राहत. मेलेला माणूस उठून घरी जातो, याची धास्ती खरी त्यांनाच होती.

कचेरीत मात्र नंबर म्हणजे नंबर. साहेब स्वतः तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकत, पण यादी हलवत नसत. त्या उन्हाळ्यात अकरा दिवस आमच्या गल्लीत टँकर आला नाही. घरची बोलणी खाऊन मी रविवारी गेलो. म्हटलं, “साहेब, आमची गल्ली जरा वर घ्या की.”

“सर, तुमच्यापुढं सहा गल्ल्या हायेत. त्यांनी काय प्यावं?”

तेवढ्यात अप्पा आले, कागद निघाले. थोड्या वेळानं राक्षसाची कुऱ्हाड अप्पांवर पडली, “दोनच लागलं” आलं, आणि मी बोललो. “काचेत अठरा दिसायलेत, साहेब. यादीला हात जड, अन् इथं हलका? उघड्यावर टाका.”

“असू द्या की सर,” अप्पा म्हणाले, “डोस्कं माझं हाय.”

साहेबांनी फाइल मिटून मांडीवर ठेवली आणि फासा पुन्हा टाकला. एकोणीस. अप्पांकडे चौदा जीव होते. साहेब फाशाकडं बघत राहिले. “अप्पा, तुम्ही गेलात.”

“गेलो तर गेलो. दुकान तरी उघडतो.”

पुढच्या रविवारी अप्पा आले नाहीत. मीही गेलो नाही, एवढंच लोकांना माहीत आहे. पण त्या दुपारी मी सायकलवरून साहेबांच्या खिडकीजवळ गेलो होतो. दोन खुर्च्या मांडलेल्या, दोन पेन्सिली टोक करून ठेवलेल्या, साहेब दाराकडं बघत बसलेले. मी पायडल मारलं.

नंतर त्यांची बदली किनवटकडं, इस्लापूरला झाली. काही वर्षांनी नांदेडच्या स्टँडवर भेटले, काखेत तीच गुलाबी फाइल.

“सर, तुमचा धनगर कसा हाय?”

“तीन जीव उरलेत.” तो कागद मी अजून जपला आहे, हे सांगितलं नाही.

“तीन लई झाले. जपून वापरा.”

माफी ओठांपर्यंत आली होती. तिच्याऐवजी विचारलं, “तिकडं आहे का कुणी खेळायला?”

साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“हायेत की,” ते म्हणाले. “दोन.”

त्यांच्या पाठीमागं काच नव्हती. मी मान डोलावली, आणि किनवटची गाडी लागली.