पेन्सिलीचा चाकू आणि आत्याबाईंची मोसंबी

नील आणि रेवा,

परवा फोनवर नील रडवेल्या आवाजात सांगत होता की विमानतळावर त्याचा नवा घडीचा चाकू काढून घेतला. चूक त्याचीच, हातातल्या पिशवीत चाकू ठेवत नाहीत. पण मग त्याने विचारले, "आजी, तुझ्याकडे कधी चाकू होता का?" आणि मागून रेवा हसली. आजी आणि चाकू ही जोडी तिला जमलेली दिसली नाही. म्हणून आज जेवणानंतर न झोपता हे लिहायला बसले आहे. होता. माझ्याकडे चाकू होता, आणि एका प्रवासात तीन चाकूंमध्ये तो पहिला आला.

प्रवास फार लांबचा नव्हता. औरंगाबाद, पैठण, पाचोड आणि परत. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण त्या दिवसांबद्दल लिहिताना हाताला जुनेच नाव येते. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचे राज्य जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण बांधून होत आले होते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तुमचे आजोबा कॉलेजात गणित. आज जिथे क्रांती चौकाची गर्दी असते, तिथून आमचे घर चालत पाच मिनिटांवर.

एका गुरुवारी पैठण गाडीचा कंडक्टर दारात येऊन निरोप सांगून गेला. "आत्याबाईंनी सांगितलंय, शनिवारी या. मोसंबीचे डोळे न्यायचेत. सरांना चाकू घेऊन या म्हणल्या."

डोळा म्हणजे फांदीवर पानाच्या बगलेत असते ती बारीक कळी. मोसंबीचे झाड बी लावून करत नाहीत. जंबेरी नावाच्या काटेरी लिंबाचे रोप वाढवतात, त्याच्या सालीत चीर देतात आणि चांगल्या मोसंबीचा डोळा तिथे बसवतात. त्याला डोळा भरणे म्हणतात. डोळा जगला की जंबेरीचा शेंडा कापून टाकायचा. मग त्या एका डोळ्यातून सगळे झाड येते.

आत्याबाई म्हणजे आजोबांची विधवा आत्या. पैठणच्या वरच्या अंगाला, नदीकाठी त्यांचे माहेरचे गाव. गावाचे नाव लिहीत नाही, कारण नकाशात तिथे आता निळा रंग आहे. पुढच्या पावसाळ्यात धरणात पाणी अडवणार होते. आत्याबाईंना पाचोडजवळ बदली जमीन मिळाली होती, पण त्या गाव सोडायला तयार नव्हत्या. विहिरीमागे त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, डोळा भरलेले मोसंबीचे एक झाड होते. झाड उचलून नेता येत नाही, डोळे नेता येतात. पाचोडचा डोळे भरणारा माणूस हंगामाच्या गडबडीत दोनदा "उद्या येतो" म्हणून आला नव्हता. आत्याबाईंना ते काम येत होते, पण आता वयाने हात थरथरत होता आणि सुईत दोरा ओवता येत नव्हता. म्हणून शिकलेला भाचा आणि त्याचा चाकू.

चाकू साधा नव्हता. आजोबांच्या मित्राने तो जर्मनीहून आणला होता. दोन पाती, करवत, कात्री, चिमटा, आणखी काय काय. आजोबा तो रात्री उशाशी ठेवत. शनिवारी बस सुटताच त्यांनी एकेक पाते उघडून दाखवायला सुरुवात केली. तिकिटे फाडता फाडता कंडक्टर थांबला.

"सर, हा पिळा कशाचा?"

"बाटलीचे बूच काढायला."

"कोणच्या बाटलीचं?"

आजोबांनी आयुष्यात चहासुद्धा कडक घेतला नव्हता. ते म्हणाले, "औषधाच्या."

"व्हय का? मग दुकानाचा पत्ता द्या. आम्ही बी आजारी पडतो."

सगळी बस हसली. आजोबांनी पिळा मिटला आणि माझ्यासाठी पेरू कापायला घेतला. फोडी काही झाल्या नाहीत, चेंदा झाला. पेरूच जास्त पिकला होता, असे ते म्हणाले.

पैठणला मला पैठणीचे माग बघायचे होते. आजोबा म्हणाले, "परतताना बघू." ते परतणे पुढे कधी जमले नाही. स्टँडवर चहा घेऊन आम्ही बैलगाडीत बसलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, उभी ज्वारी, आणि ज्वारीच्या पलीकडे नदी. थंडी कोवळी होती. गाव आले तेव्हा मला आधी काय चुकते आहे ते कळेना, मग लक्षात आले. घरांना दारे नव्हती. लोकांनी कवाडं (दारे) आणि तुळया काढून नव्या वस्तीवर नेल्या होत्या. एकाच घराला कवाड होते आणि त्यात आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आलास का रं बाळासाहेब? लई वाळलास. सूनबाई जेवाया घालत नाय का?"

"घालते हो आत्याबाई," मी म्हटले, "पण सगळे गणितात जाते."

त्या हसल्या, आणि माझी भीती गेली. शेतात आगटीत भाजलेला हुरडा (ज्वारीचे कोवळे, भाजलेले दाणे), लसणाची चटणी आणि दही असे आम्ही पोटभर खाल्ले. वर त्या झाडाची मोसंबी. साल पातळ, आणि रस कोपरापर्यंत ओघळतो.

"आप्पांच्या हातचं झाड हाय हे," आत्याबाई म्हणाल्या. "डोळं धरलं तर मी पाचोडला येते. नाय धरलं तर पाणी येऊ दे. मी हितंच हाय." आवाज चढवला नव्हता. आजोबांनी माझ्याकडे पाहिले.

दुपारी डोळकाड्या (डोळे असलेल्या कोवळ्या फांद्या) कापल्या. आत्याबाईंनी कनवटीचा चाकू काढला. पाचोडच्या बाजारातला, शिंगाच्या मुठीचा, दणकट. त्याने त्यांनी ऊस तासला होता, दोर कापले होते, एकदा म्हणे एका मुजोर माणसाला नुसता उघडून दाखवला होता. फांद्या त्याने सपासप कापल्या. आजोबांनी कात्रीने पाने काढली आणि देठही अगदी मुळापासून छाटून काड्या गुळगुळीत केल्या.

"आरं, ह्यांच्या शेपट्या कुठं गेल्या?"

"साफ केल्या, आत्या."

"साफ केल्या! आता डोळा धरायचा कशानं? आन जगला का मेला ते कळायचं कसं?" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "पान काढायचं, देठ ठिवायचा. तीन आठवड्यांनी देठाला बोट लावायचं. लावल्या लावल्या गळला, तर डोळा जगला. वाळून चिकटून बसला, तर गेला."

"उलटे नाही का व्हायला पाहिजे?"

"उलटं कसं? जितं झाड नको ते टाकून देतं. मेलेलं काय टाकणार?"

आजोबांच्या काड्या बाजूला पडल्या. नव्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी पैठणहून पाचोडच्या बसमध्ये कंडक्टरने गोणपाट टपावर टाकायला सांगितले. "टाक की," मांडीवरच्या गाठोड्यावर पदर ओढत आत्याबाई म्हणाल्या, "आधी तुझं लेकरू टाक, मग माझं टाकते." गाठोडे मांडीवरच राहिले. वाटेत त्या दर थोड्या वेळाने त्यावर तांब्यातले पाणी शिंपडत होत्या, आणि शेजारच्या माणसाचे धोतर भिजत होते. तो बिचारा पाचोडपर्यंत धोतर पिळत राहिला.

नव्या जमिनीवर बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात जंबेरीच्या दोन ओळी होत्या. त्या राखल्या होत्या गंगूबाईंनी. त्या धनगर, त्यांच्या मेंढ्या खतासाठी आत्याबाईंच्या शेतात बसत. आजोबांना पाहून त्या म्हणाल्या, "या सर. विलायती चाकू आणलाय म्हनं. मेंढ्यांनी बी ऐकलंय."

आजोबा बाह्या सरसावून पहिल्या रोपापुढे बसले. रोपाचे खोड जेमतेम पेन्सिलीएवढे जाड. त्यात इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर द्यायची, फक्त सालीत. आजोबांनी जोर लावला आणि रोपाचा शेंडा त्यांच्या हातात आला. दुसऱ्या रोपाला त्यांनी जोर लावला नाही, तर जाड पाते सालीवरून घसरले. तिसऱ्या वेळी पाते अचानक मिटले आणि मध्ये त्यांचा अंगठा होता.

"बस झालं," आत्याबाई म्हणाल्या. "माझा दे सूनबाईकडं."

त्यांच्या चाकूने मी चीर दिली, पण साल सुटण्याऐवजी चिरडली. दुसऱ्या रोपालाही तेच झाले. आत्याबाईंनी ती फाटकी साल बोटाने चाचपली. जन्मभर कामाला आलेल्या त्या चाकूकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती मला बघवली नाही. "ह्याचं पातं लाकडाचं हाय, सालीचं नाय," त्या हळू म्हणाल्या, आणि गोणपाटाशेजारी मातीत बसल्या.

माझ्या पर्समध्ये पेन्सिलीचा चाकू होता. कॉलेजात गेले तेव्हा वडिलांनी दिलेला, करंगळीएवढा, हाडाची मूठ टोकाला चपटी झालेली. मी त्याने वह्या तपासायच्या लाल-निळ्या पेन्सिलींना टोक करत असे, आणि त्याच्याकडून त्याहून जास्त मी कधी मागितले नव्हते. काढावा की नाही, मला संकोच वाटत होता.

"हे काय? बाहुलीचा हाय का?" गंगूबाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी मात्र पाते अंगठ्यावर हलकेच फिरवले, मग मूठ चाचपली. "ह्या चपट्या टोकानं साल उचल," एवढेच म्हणून त्या सरकून माझ्याजवळ आल्या.

मी पाते टेकवले आणि साल आपोआप उघडल्यासारखी उघडली. आत पांढरे, ओले, चकचकीत लाकूड. मुठीच्या टोकाने दोन्ही कडा उचलल्या. काडीवरून डोळा काढला, पातळ, ढालीच्या आकाराचा, मागे देठाची शेपटी.

"वर बघतोय का डोळा? उलटा बसवू नको. माणसाला उलटं टांगलं तर जगंल का?"

"वर बघतोय."

"मग ढकल खाली. हां. आता बांध." केळीच्या सोपाची (खोडाच्या सालीची) ओली पट्टी वरून गुंडाळली, फक्त डोळा उघडा. "आप्पा असते तर म्हणले असते, बरं हाय. मी म्हणते, पुढचं घे."

एकेक करत दोन्ही ओळी झाल्या. माझी पाठ धरली होती, पण उठावेसे वाटत नव्हते. शेवटी पट्ट्या आवळताना आत्याबाईंच्या तळव्यात जंबेरीचा काटा मोडला. तेव्हा अंगठ्याला चिंधी बांधून बसलेले आजोबा पुढे आले. चाकूच्या कडेतून इवलासा चिमटा काढून त्यांनी काटा अलगद ओढून घेतला.

"हे बरंय रं," आत्याबाई म्हणाल्या. "मग बाकीचा चाकू कशाला जोडलाय ह्याला?"

तीन आठवडे मी वर्गात काय शिकवले ते मुलींना ठाऊक. मग एका सकाळी आम्ही दोघे पुन्हा पाचोडला उतरलो. बाजारचा दिवस होता. मेथीचे ढीग, मिरच्यांची पोती आणि शेळ्या यांतून वाट काढत शेतावर पोचलो. आत्याबाई आदल्या दिवसापासून तिथे येऊन बसल्या होत्या. त्यांनी एकाही रोपाला हात लावला नव्हता.

"ज्यानं भरलं त्यानं बघायचं. तसंच असतंय."

मी पहिल्या देठाला बोट लावले. तो काळा, कडक आणि चिकटलेला. दुसराही तसाच. गंगूबाईंनी तोंड फिरवले. तिसऱ्या रोपाचा देठ पिवळा दिसत होता. मी बोट लावले न लावले, तो टपकन मातीत पडला.

"अरेरे, तुटला!" आजोबा ओरडले.

"तुटला न्हाय, येड्या, गळला! गळला!" आत्याबाईंनी दोन्ही हात वर केले. त्या वयाच्या बाईला असे ओरडताना मी त्याआधी पाहिले नव्हते. चौथा गळला, पाचवा गळला. पुढे एखादा चिकटलेला निघे आणि मग पुन्हा तीन-चार गळत. मी ओळीतून वाकून चालले होते आणि प्रत्येक गळत्या देठाला माझ्यामागे मेंढ्यांना ऐकवल्यासारख्या गंगूबाई ओरडत होत्या, "गळला! गळला!" म्हणजे जगला.

दोन्ही ओळी संपल्या तेव्हा आत्याबाईंनी पदराने तोंड पुसले आणि आजोबांना म्हणाल्या, "बाळासाहेब, गाडी सांग. सोमवारी कवाडं काढू."

त्या दुपारच्या बसने आम्ही औरंगाबादला परतलो. आजोबांनी वाटेत चाकू खिशातून काढला नाही. मी मात्र माझा मुठीत धरून बसले होते. मुलांनो, चाकू घेताना आपण त्याच्या पात्यांची संख्या मोजतो. पण कोणत्या दिवशी कोणते काम समोर येईल हे दुकानदाराला माहीत नसते, आणि चाकूलाही नसते. काम आले म्हणजे समजते. माणसांचेही तसेच असावे. माझ्याबद्दल तरी मला त्या दिवशीच समजले.

गाव आणि आप्पांचे झाड पाण्याखाली आहे. आत्याबाई पाचोडच्या घरात त्याच कवाडांमागे पुष्कळ वर्षे जगल्या. आजोबांच्या चाकूचा चिमटा तेवढा राहिला आहे. माझ्या चाकूचे पाते झिजून निम्मे झाले, तरी पेन्सिलीला टोक होते. मी भरलेली झाडे म्हातारी होऊन गेली, पण त्यांचे डोळे घेऊन भरलेली झाडे त्याच शेतात उभी आहेत, आणि यंदा त्यांना फळ लागले आहे.