चादरीखालचा हात

बायको इतकी वर्षं सोबत आहे, तिला हे ठाऊक नाही. बहिणीला तर नाहीच नाही. मग तुम्हाला काऊन सांगून राहिलो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर ही गोष्ट माझ्या तोंडातून निघत नाही. दोनदा काढायला गेलो, दोन्हीदा भलतंच बोलून बसलो. एकदा तर पावसापाण्याची चौकशी केली.

मी मलकापूरला जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर. म्हणजे काय, तर गाडी आली की माल पाहायचा आणि सांगायचं — चांगला, मध्यम, हलका. वरून सगळाच चांगला असतो हो. वरचा थर पांढराशुभ्र, आणि खाली पाणी मारलेला, किडका, पिवळा. म्हणून वरचं पाहायचंच नाही. हात कोपरापर्यंत ढिगात घालायचा आणि तळाची मूठ ओढून काढायची. ओल आधी बोटांना कळते, डोळ्यांना मग. माझा हात चुकत नाही, हे लोक शिव्या देऊन का होईना, पण कबूल करतात.

मायला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वर्षभर आम्ही तिचं सगळं केलं — आम्ही कसलं, बायकोनं केलं, मी कडेला उभा राहिलो. मग बायकोची कंबर धरली, तिलाच उठता येईना. पुण्याची माझी धाकटी बहीण, बेबी, फोनवर फोन करायला लागली. अंथरुणाला खिळलेली माणसं जिथं सांभाळतात अशी केंद्रं तिनं मोबाईलवर शोधून काढली. एका केंद्राला लोकांनी दिलेले तारे पाचाला थोडेच कमी होते, आणि खाली भरभरून कौतुक लिहिलेलं.

"पण दादा, ह्या ताऱ्याईवर माहा भरवसा नाही," ती म्हणाली. "तू सोता जाय. न सांगता जाय, जेवनाच्या टायमाले जाय. कूस कोन बदलते, किती वेळानं बदलते, इचार. एखादीची पाठ पाह्य. तुह्या हाताले जे समजते ते कोनाले समजत नाही. आन जरा जरी शंका आली, तं मले सांग. मायले मी पुण्याले नेईन."

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, नवरा-बायको दोघं नोकरीला. पण बेबी बोलली म्हणजे तिनं नेलीच असती.

आणि इथंच — इथंच माझं बोलणं अडतं. तिनं न्यावं असं मला वाटत नव्हतं. पोरगा जिवंत असताना माय लेकीच्या दारी? आमच्या गल्लीत काय काय बोलले असते? उपचाराला ठेवली म्हटलं की तोंडं बंद. लेकीनं नेली म्हटलं, की माझं नाक गेलं. म्हणून जायच्या आदल्या दिवशी मी त्या केंद्रावर फोन केला. उद्या अकराला येतो म्हणून सांगितलं. माल तपासायला जाणाऱ्यानं आधी निरोप धाडला, असं कधी ऐकलंय?

हायवेपासून आत, तूर काढलेल्या मोकळ्या वावरांमध्ये एकटीच दुमजली इमारत होती. बाहेर ट्रकांचा आवाज, आणि मॅनेजर बाईंनी मागं दार लावलं की एकदम काहीच नाही. मोठा हॉल, त्यात अकरा खाटा, अकरा म्हाताऱ्या. सगळ्यांचे केस तेल लावून चप्प बसवलेले, मधोमध भांग. पांढऱ्या चादरी हनुवटीपर्यंत ओढून गादीखाली घट्ट खोचलेल्या, आणि तेही भर उन्हाळ्यात. पंखे गरगर फिरत होते, पण एकीचाही केस हलत नव्हता. पावडरचा वास घशात जाऊन बसला. कोणी कण्हत नव्हतं, कोणी खोकत नव्हतं. अकरा आजारी माणसं आणि एक खोकला नाही? मी आत आलो तरी एकही मान वळली नाही. आमच्या घरात मांजर शिरलं तरी माय बघायची.

"काय आजी, बरं आहे ना सगळं?" बाईंनी हॉलकडं पाहून विचारलं.

अकराही जणी हसल्या. एकदमच हसल्या. आणि थांबल्या, त्याही एकदम. माझ्या अंगावर काटा आला, तो मी उकाड्यात घाम पुसल्यासारखा पुसून टाकला.

खिडकीजवळच्या खाटेपाशी थांबलो. तिथं एका कडेला चादर जरा सैल होती. बाई पाठमोऱ्या होऊन औषधांचं कपाट दाखवत होत्या. माझा हात गेला. मी घातला नाही, खरंच सांगतो, सवयीनं गेला. चादरीखाली, कोपरापर्यंत. चादर वरून कडक, इस्त्रीची. खाली गादी ओली. आजची ओल नव्हती ती. गार, चिकट, मुरलेली होती. बोटांनी क्षणात ओळखली.

मग चादरीच्या आत कुणीतरी माझं मनगट धरलं.

म्हातारीचा चेहरा हलला नाही. डोळे छताकडंच, तोंडावर मघाचं हसू. वर काहीच नाही, आणि खाली ती पकड — एवढ्या वाळक्या हातात एवढं बळ येतं कुठून? तिनं माझा हात हळूहळू ओढत आपल्या पाठीखाली नेला. तिथं... तिथं कातडी नव्हती. एवढंच सांगतो. ती मला पाठ दाखवत होती. मी न विचारता, ज्यासाठी मला पाठवलं होतं तेच ती दाखवत होती.

मी काय केलं, सांगू? मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. अंगठा सुटेना, तर मी तो मागं वाकवला. ती ओरडली नाही. हात बाहेर काढला, पँटला पुसला, चादर खोचली. होय, मीच खोचली, घट्ट. बाई वळल्या तेव्हा म्हणालो, "चांगलं ठेवलंय तुमी."

बाहेर येऊन बेबीला फोन लावला. "एक नंबर हाये. पुरं पाह्यलं."

"हात घालून?" तिनं हसत विचारलं.

"हात घालून," मी म्हणालो.

रस्त्याला लागत नाही तोच मोबाईलनं विचारलं, ही जागा कशी वाटली. मी पाच तारे दिले. खाली लिहिलं — स्वतः पाहून खात्री केली आहे.

आठ दिवसांनी मायला नेलं. खिडकीजवळची खाट रिकामी झाली होती, तीच मायला मिळाली. आधीच्या आजी? "घरी गेल्या," बाई म्हणाल्या. मी पुढं विचारलं नाही. गादी बदलली का, तेही विचारलं नाही.

दर रविवारी जायचो. खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो, दोन्ही हात पाठीमागं बांधून. माय मधोमध भांग पाडत नसे कधी, आता तिचा तसाच भांग. छताकडं बघून हसायची. आणि तिच्या डाव्या अंगाला, चादरीच्या आत, काहीतरी हळूहळू सरकत खाटेच्या कडेपर्यंत यायचं. तिथं थांबायचं. डावा हात चांगला होता तिचा. मला कळत नव्हतं असं समजू नका. तो दर रविवारी यायचा, आणि मी दर रविवारी म्हणायचो, निघतो माय, उन्हं चढली.

पाचव्या महिन्यात ती गेली. तिला घरी आणलं, बेबी येईस्तोवर थांबलो. बायकांनी आतल्या खोलीत आंघोळ घालायला घेतली, मी बाहेर बसलो होतो. आतलं बोलणं मधेच बंद पडलं. मायला कुशीवर वळवलं असावं. मग बेबी बाहेर आली, हात तसेच ओले, आणि माझ्यापुढं जमिनीवर बसली.

"दादा, फसवलं रे आपल्याले त्याईनं. तुह्या हातालेही फसवलं."

मी रडलो. ते रडणं खोटं नव्हतं. पण रडता रडता मी मान हलवली. हो म्हणालो.

बेबीनं तक्रारी केल्या, हेलपाटे मारले, केंद्र बंद पाडलं. मी तिच्यासोबत जायचो, फसवला गेलेला भाऊ म्हणून. लोक मला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे. ह्याला आता चार वर्षं झाली. बेबी निम्मी झाली आहे, तिला गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही. दर पुण्यतिथीला येते. जेवणं उरकली की माझ्यापाशी बसते आणि तेच ते बोलते — ते केंद्र मीच शोधलं होतं दादा, माह्याच पायी माय तशी गेली.

यंदाही बोलली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ दे बेबी. मी तुले कधी बोल लावला का?"